ठीक माणसाचा अधिक महिना

समस्त वर्तकनगर, कळवा, दिवा, कोपर आणि डोंबिवली पश्चिम येथील जावईवर्गास अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, अधिक महिना लागला आहे. तरी सर्व जावयांनी आपापली पोटे रिकामी, पँटी सैल आणि चेहरे नम्र ठेवावेत. सासूबाई पाय धुतील तेव्हा गुदगुल्या झाल्या तरी पाय ओढून घेऊ नये. ताटातले अनारसे मोजू नयेत, ते तेहतीसच असतात. आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, ज्या घरात जावई एकाहून जास्त आहेत तिथे शेजारच्या ताटातल्या अनारशाला जाळी किती सुंदर पडली आहे, हे मान वाकडी करून पाहू नये. मान आखडते. अनुभवाने सांगतो आहे.

परवा सासूबाईंचा फोन आला. "श्रीकांतराव, तांदूळ भिजत घातलेत," एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला. त्यांचं आमंत्रण असंच असतं, पुढचं आपण समजून घ्यायचं. तीन दिवस तांदूळ भिजणार, रोज पाणी बदललं जाणार, मग ते फडक्यावर वाळणार, दळले जाणार, गुळात मळून डब्यात मुरत पडणार. तो गोळा ज्या रविवारी तयार होईल त्या रविवारी आम्ही दोघे साडू डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूच्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, पाटावर बसणार. तेहतीस त्याला, तेहतीस मला. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, असं त्या मानतात. एका घरात दोन विष्णू असले की काय होतं, याबद्दल पुराणं गप्प आहेत.

यंदाचा अधिक ज्येष्ठात आलाय. आमच्या वसाहतीच्या फाटकाशी गुलमोहराचा लाल चिखल झालाय, पायरी आंबा संपत आलाय, आणि भर रंगात आलेल्या पंगतीतून कोणी ताट ओढून न्यावं तशी लग्नं एका दिवसात थांबलीत. तीन वर्षांपूर्वीचा अधिक श्रावणात होता. त्याचा वासच वेगळा. न वाळलेल्या टॉवेलांचा, भिंतीच्या ओलीचा आणि त्या सगळ्यावर चढलेल्या तापत्या तुपाचा. सासूबाईंचे अनारशांचे तांदूळ वाळता वाळेनात, तेव्हा त्यांनी ते पलंगावर पंख्याखाली पसरले आणि स्वतः तीन रात्री जमिनीवर झोपल्या. जावयांसाठी. त्यातला एक जावई त्याच तीन रात्री जळत बसला होता, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

तो मी.

मत्सराची उगाच बदनामी झाली आहे, असं माझं मत आहे. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी गोड बंद होतं, तिखट कमी होतं, मीठ चिमटीत येतं. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेली ही एकच चव शिल्लक राहते. आणि ती फार बारकाईने चाखता येते. परक्या माणसाचा मत्सर पांचट असतो, पातळ ताकासारखा. मित्राचा जरा दाट. पण साडूचा मत्सर! तो वर्षानुवर्षं मुरलेला असतो. दोघांच्या बायका एका आईच्या, दोघांना एकाच तराजूत तोललेलं, आणि तोलणारी सासू समोर उभी.

तर आता पात्रपरिचय. मी थोरला जावई. दिवसा एका औषधांच्या कारखान्यात भांडारपाल. संध्याकाळी सूत्रसंचालक. वर्तकनगरापासून कल्याणपर्यंत ज्येष्ठ नागरिकांचे मेळावे, गणपतीतल्या पाककला स्पर्धा, साखरपुडे, निवृत्तीचे समारंभ, काहीही असो, गळ्यापर्यंत बटणं लावलेलं जाकीट घालून मी ध्वनिक्षेपकाशी उभा असतो. शिवाय मंगलाष्टकं रचतो. वधूवरांची नावं, आईवडिलांची नावं, गावाचं नाव, सगळं अस्सल शार्दूलविक्रीडितात, मात्रेचाही फरक नाही. वसईची ख्रिस्टिना आणि कळव्याचा विघ्नेश यांना मी एका ओळीत बसवलंय. दोन्हीकडची मंडळी रडली होती. सासरच्या घरात माझं स्थान त्यामुळे पक्कं होतं. घरातला कलावंत कोण, असा प्रश्न तिथे कधी पडलाच नव्हता.

विलास धाकटा जावई. राहायला दिव्याला, कामाला पाणीखात्यात, तेही दिव्यालाच. त्याचं काम एका वाक्यात सांगायचं तर चावी फिरवणं. रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली पाण्याची कळ असते. हातभर दांड्याची आणि कमरेपर्यंत लांबीची चावी घालून ती उघडायची आणि बंद करायची. या गल्लीला सोमवारी, त्या गल्लीला मंगळवारी. पाणी किती यायचं हे त्याच्या हातात नाही, पण चावी त्याच्या हातात दिसते, त्यामुळे शिव्या त्यालाच. निळे पिंप, पिवळे डबे, हंडे, कळशा घेऊन उभ्या असलेल्या बायका त्याला रोज सकाळी जे ऐकवतात ते आपण आपल्या शत्रूलाही ऐकवणार नाही. त्याने त्यावर एक उपाय शोधला होता. शिवी आली की तो ती यमक जुळवून परत करायचा. शिवी यमकात परत मिळाली की बाई हसते आणि उचललेला हंडा खाली ठेवते, असं त्याचं निरीक्षण. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीपर्यंत पोचायला हवं म्हणून त्याचा आवाजही तसाच झालेला. घोगरा, ठोक्याचा, एका दमात लांब जाणारा.

हे सगळं मला माहीत होतं आणि माझ्या लेखी त्याची किंमत शून्य होती. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला मी सूत्रसंचालन करत होतो. विलास हळूच जवळ येऊन म्हणाला, दादा, आईंवर दोन ओळी बांधल्यात, बोलू का? मी घड्याळ पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि वेळेअभावी शक्य नसल्याचं सांगितलं. त्यानंतर मी स्वतः वीस मिनिटं बोललो.

तीन वर्षांपूर्वी आषाढ लागला आणि लग्नं संपली. पुढे अधिक श्रावण, म्हणजे गणपतीसुद्धा महिनाभर लांब. सूत्रसंचालकाला एवढी सुट्टी बरी नव्हे. घरात दूधवाला आला तरी मी त्याचा परिचय करून देऊ लागलो होतो. माझी बायको सुनीता म्हणाली की अहो, जरा बाहेर फिरून या. त्याच आठवड्यात टीव्हीवर जाहिरात लागली. रॅप करणाऱ्यांच्या एका हिंदी स्पर्धेची निवडचाचणी ठाण्यात होणार होती. दोन दिवस, शनिवार आणि रविवार. वयाची अट नाही, भाषेचीही नाही.

हा कार्यक्रम मला चांगलाच परिचयाचा होता. किती हीन अभिरुचीचा आहे हे मी चारचौघांत नेहमी सांगत असे, आणि प्रत्येक भाग दोनदा पाहत असे. तीन परीक्षक, तिघांच्या हाती जुन्या रिक्षाला असायचा तसला रबरी फुग्याचा भोंगा. स्पर्धक एका गोल चकतीवर उभा राहतो. आवडला नाही की परीक्षक भोंगा वाजवतात. तिन्ही भोंगे वाजले की ती चकती हळूहळू फिरते आणि माणसाचं तोंड भिंतीकडे होतं. मग पडद्यावर त्याला गाढवाचे कान चिकटवतात आणि प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या आईचा चेहरा जवळून दाखवतात. गंमत अशी की तिथे जे चांगलं म्हणतात त्यांची नावं दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाहीत. भिंतीकडे तोंड केलेली माणसं मात्र देशभर फिरतात, मोबाइलवरून मोबाइलवर.

माझा हिशेब सरळ होता. रॅप म्हणजे काय, तर वृत्तात पण भरभर बोलणं. मग वृत्त माझ्याइतकं कोणाला येतं? दाढेच्या डॉक्टरकडे जातो असं सुनीताला सांगून मी शनिवारी सकाळी जाकीट घालून निघालो.

रांगेत उलट्या टोप्या, फाटक्या पँटी, गळ्यात साखळ्या. माझ्या पुढच्या मुलाने मला विचारलं, "काका, तुमचा मुलगा आत गेलाय का?" मी मान हलवली. होय आणि नाही यांच्या मधोमध. छातीवर क्रमांकाचं चिकटपत्र लागलं, आत एक लांब टेबल होतं, टेबलामागे तिशीतली एक बाई, हातात पेन्सिल. तिने हाताने खूण केली आणि मी सुरू झालो.

आलो मी तुमच्यापुढे रसिकहो, ठाण्याहुनी हा पहा...

आठ ओळी म्हटल्या. एकही अक्षर घसरलं नाही. भरभर म्हटलं, हात हलवले, एकदा गुडघ्यात वाकलो. शेवटच्या ओळीनंतर तीस वर्षांच्या सवयीने "शुभ मंगल सावधान" अगदी ओठांवर आलं होतं, पण मी ते कसलेल्या माणसाच्या सफाईने गिळलं. केवढा अभिमान वाटला मला त्या क्षणी त्या गिळण्याचा. आज वाटतं, ते सुटलं असतं तर माझं नशीब पालटलं असतं.

बाई हसली नाही. वैतागलीही नाही. म्हणाली, "सर, आप ठीक हैं."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलं नाही. मग मीच विचारलं, ठीक म्हणजे? तिने पेन्सिल खाली ठेवली. मनाने चांगली होती बिचारी. म्हणाली, "देखिए सर, हमें या तो बहुत अच्छे चाहिए, या फिर..." आणि तिने उजवीकडच्या दाराकडे पाहिलं. तिथे अंगभर दिव्यांच्या माळा गुंडाळलेला एक गृहस्थ कागदावर सही करत होता. त्याला घेतलं होतं. "आप ना, बीच में हैं."

बीच में. परत येताना मी भर पावसात छत्री न उघडता चाललो, हे मला घरी पोचल्यावर कळलं. सुनीताने विचारलं, दाढेचं काय म्हणाले? मी म्हटलं, ठीक आहे म्हणाले.

माणसाला वाईट म्हटलेलं सोसतं, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. नाटकात एकदा माझी मिशी निघाली होती तेव्हा लोक पोट धरून हसले होते. तो प्रसंग मी आजही रंगवून सांगतो. पण ठीक म्हटलेलं कोणाला रंगवून सांगणार? त्यात सांगण्यासारखं काहीच नसतं. ठीक माणसाची गोष्ट होत नाही. माझ्यावर हसण्याएवढाही त्यांचा वेळ जाणार नव्हता, हे मी उशीत तोंड खुपसून चार रात्री समजून घेत होतो. आणि कोणाला सांगायचं नाही, हे पक्कं केलं होतं. घरातला कलावंत चाचणीला जातो आणि आत घेतला जात नाही, हे सासरी कळलं असतं तर मला पुढच्या पंचवीस वर्षांची सूत्रसंचालनं सोडून द्यावी लागली असती.

अधिक लागून आठवडा झाला होता. मेव्हणीचा, म्हणजे विलासच्या बायकोचा, कविताचा फोन आला. तिचा आवाज आनंदाने फाटत होता. म्हणाली, भाऊजी, मी गंमत म्हणून ह्यांचं नाव त्या रॅपवाल्या कार्यक्रमात घातलं होतं आणि ह्यांना घेतलं. ठाण्यात चाचणी झाली. रविवारी.

मी शनिवारी. मधे फक्त एक रात्र. मी फोन दुसऱ्या कानाला लावला तो दोन कारणांनी, आणि आधी कोणतं आलं हे मी आजही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. एक, त्याने मला तिथे पाहिलं तर नाही ना. दुसरं, त्याला घेतलं.

पुढे ती म्हणाली की चित्रीकरणही झालंय, या शनिवारी दाखवणार आहेत. आणि तुमच्याकडे टीव्ही मोठा आहे, तर आम्ही सगळे तुमच्याकडेच येतो.

सगळे आले. सासूबाई, कविता, विलास, आणि येताना विलासने दिव्याहून वेफर्सचा मोठा पुडा आणलेला. इस्त्रीचा शर्ट घालून तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला होता, पाहुण्यासारखा. मी माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत, हातात रिमोट धरून बसलो होतो आणि मनात एकच प्रार्थना करत होतो, ती कुठल्या देवाला पोचली असेल त्याची मला आज लाज वाटते. प्रार्थना अशी होती की, याचं खूप हसं होऊ दे.

विलास पडद्यावर आला. खांद्यावर ती लांब चावी. लांब केसांच्या परीक्षकाने तिच्याकडे पाहून म्हटलं, "अंकल, प्लंबर का ऑडिशन बगलवाले स्टुडिओ में है." प्रेक्षक खदखदले. मी आवाज दोन खुणा वाढवला. विलासने चावी जमिनीवर टेकली, तिच्याच ठोक्यावर सुरू झाला.

सोमवारी तुझी गल्ली, मंगळवारी तिची गल्ली,
बुधवारी मला शिव्या द्यायला जमली सगळी गल्ली.
तळमजल्याला धार, चौथ्याला नुसता वारा,
वरून बादली वाजते, खाली मीच बिचारा.
आलं तर देवानं दिलं,
नाही आलं तर विल्यानं प्यायलं!

पहिला भोंगा वाजला. दुसरा. तिसरा. चकती फिरायला लागली. आणि इथे विलासने जे केलं ते आजवर त्या कार्यक्रमात कोणी केलं नसेल. चकती डावीकडे फिरू लागली तसा तो उजवीकडे चालू लागला. तोंड प्रेक्षकांकडेच ठेवून, चावी आपटत, ओळी म्हणत, जितकी चकती फिरेल तितका तो उलटा. चकतीवाल्याने वेग वाढवला, त्याने पाय वाढवले. गाढवाचे कान त्याच्या डोक्यावर चिकटवायला जावं तर ते हवेतच राहायचे, डोकं पुढे गेलेलं असायचं. परीक्षक टेबलावर पडून हसत होते. देश हसत होता. सुनीता डोळे पुसत हसत होती. सासूबाईंना हिंदी कळत नाही आणि भोंग्यांचा अर्थही कळला नव्हता. त्यांना वाटलं, मान म्हणून फिरवतात. त्यांनी हात जोडले.

मी हसत नव्हतो. मला ते अंग कुठून येतं ते कळत होतं. वीस वर्षं दांडा धरून गोल फिरणाऱ्या माणसाचं ते अंग होतं. आणि "विल्यानं प्यायलं" ही ओळ मी जन्मात लिहू शकलो नसतो. माझ्या सगळ्या मंगलाष्टकांत मिळून तेवढी एक ओळ नव्हती. विलासने माझ्याकडे वळून विचारलं, "दादा, कसं वाटलं?" मी म्हटलं, "ठीक."

बघा, मी तो शब्द वापरला. कोणावर तरी वापरायलाच हवा होता.

मग जे व्हायचं ते झालं. विलास चकतीवर उलटा चालतोय, हे दृश्य चार दिवसांत सगळीकडे. माझ्या कारखान्यातल्या शिपायाने ते मलाच दाखवलं, हा माणूस बघितला का म्हणून. मी नातं सांगितलं नाही. मग सांगितलं. मग त्याने माझ्याकडे ज्या कौतुकाने पाहिलं ते मला आवडलं आणि त्याचाही राग आला. असा तो महिना गेला. एका सकाळी काम काढून मी दिव्याला गेलो. खोटं कशाला बोलू, काम काही नव्हतं, मला बघायचंच होतं. गल्लीत पिंपांची रांग तशीच होती, पाणी तितकंच कमी होतं. पण चावी खांद्यावर घेऊन विलास आला तेव्हा पहिल्या बाईने हंडा आपटला नाही. म्हणाली, "विल्या, आधी ते ऐकव, मग सोड पाणी." आणि रांगेतल्या सगळ्या बायकांनी शेवटची ओळ त्याच्याबरोबर म्हटली. मी एका रिकाम्या पिंपाआड उभा होतो. तीस वर्षं मी लोकांना टाळ्या वाजवायला सांगत आलोय. जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत, असं मी दर पाच मिनिटांनी म्हणतो. त्या बायकांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

आज हे लिहिताना खिडकीतून ऊन थेट टेबलावर येतंय आणि फोनवर विलासचा निरोप वाजतोय. आता त्याला शाळांमधून बोलावतात, पाणी जपून वापरा हे मुलांना सांगायला. नवीन ओळी बांधल्या की तो आधी मला पाठवतो आणि विचारतो, दादा, बरं आहे का? मी ऐकतो. दोनदा ऐकतो. मग अंगठ्याचं चित्र पाठवतो, एकच. दोन अंगठे पाठवावेत असं कधी कधी वाटतं. अजून तेवढा सुधारलेलो नाही.

पण तो रविवार सांगायचा राहिलाय.

अधिक महिना संपायला तीन-चार दिवस उरले होते. सासूबाईंचा पहिला घाणा हसला होता, म्हणजे तुपात पडताच अनारसे विस्कटून गेले होते, म्हणून त्यांनी पीठ पुन्हा मळलं होतं आणि त्यांचे हात कोपरापर्यंत गुळाचे होते. घरात पाय ठेवला आणि मला दिसलं, पाट दोन नाहीत, एकच मांडलाय. बाजूने शेजारपाजारची पंधरावीस माणसं बसलेली. दरवर्षी आधी थोरला, मग धाकटा. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "श्रीकांतराव, आधी विलासरावांना बसवते हं, मंडळी त्यांच्यासाठी थांबलीत." मी म्हटलं, अवश्य. माझा आवाज किती छान निघाला म्हणून सांगू. त्यांनी त्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, तेहतीस अनारसे, वर चांदीचं निरांजन. मी पाहिलं. मान वाकडी करून पाहिलं. जाळी अशी पडली होती की पलीकडचं ताट दिसावं.

आणि मग त्या म्हणाल्या की आता सत्काराचे चार शब्द तुम्हीच बोला, तुमच्यासारखं बोलायला दुसऱ्या कोणाला जमतं?

मी उभा राहिलो. जाकिटाचं वरचं बटण लावलं. आणि एवढं गोड विष मी आयुष्यात कधी वाढलं नव्हतं. म्हटलं, आपल्या या छोट्याशा घराचं नाव आज देशभर गेलंय. लोक डोक्याने मोठे होतात, कोणी गळ्याने मोठे होतात, आमचे विलासराव पायाने मोठे झाले. परीक्षकांनी तीन वेळा नको म्हटलं तरी जे गेले नाहीत, त्यांची चिकाटी पाणीखात्याने शिकावी. मंडळी हसली. मी पुढे गेलो. म्हटलं, गाढवाचे कान सर्वांच्याच नशिबी नसतात, आणि आमच्याकडे ते बसलेसुद्धा नाहीत, एवढे विलासराव चपळ. पुन्हा हसली, पण या वेळी जरा कमी. कविता हातातल्या रुमालाची घडी घालत होती, पुन्हा उलगडत होती, पुन्हा घालत होती. सुनीता माझ्याकडे बघत होती, आणि पंचवीस वर्षांच्या संसारात ती नजर मी दोनदाच पाहिली आहे. मला थांबायला हवं होतं. पण लोक हसत असताना थांबणं ज्याला येतं तो सूत्रसंचालक होत नाही. मी आणखी एक वाक्य टाकलं, ते इथे लिहीत नाही.

विलास पाटावरच बसून होता, कपाळाला ओलं कुंकू, मांडीवर श्रीफळ. उठायला गेला, शालीत पाय अडकला, पुन्हा बसला. तिथूनच बोलला.

"मला असं बोलता येत नाही. दादा बोलले ते खरंय, लोक हसले. मला त्याचं काय वाटलं नाही. दिव्यात रोज सकाळी खातोय, टीव्हीवाले निदान आंघोळ करून शिव्या देतात. पण ती दोन मिनिटं मी बोललो ना, तेव्हा मधे कोणी हंडा नाही आपटला. एवढंच बरं वाटलं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत टोमणा असता तर मी त्याचा जन्मभर आभारी राहिलो असतो. नव्हता. "पण एक सांगतो. तिथे खरं तर दादांनीच जायला पाहिजे होतं. कविताने नाव घातलं तेव्हा मी तिला बोललेलो, घरातला कलाकार दादा आहे, मी कुठे जाऊ? आपल्याला काय येतं? दादा तिथे उभे राहिले असते ना, तर त्या लोकांची हसायची हिंमत झाली नसती."

खोलीत सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंनी तर हात वर करून दुजोरा दिला. पंधरावीस माणसं माझ्याकडे कौतुकाने पाहत होती. मला फक्त नम्रपणे मान झुकवायची होती, अरे काय हे विलासराव असं म्हणायचं होतं आणि माझ्या पाटाची वाट पाहत बसायचं होतं. जागा माझी होती, तिथेच होती, तिला कोणी हात लावला नव्हता. आणि माझ्या तोंडून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, निघून गेलं:

"अरे, हसले असते तर घेतलं असतं ना मला!"